वकिलांच्या घरचा निरोप

दारव्हा,
११ ऑक्टोबर १९६२

सौ. शोभावन्संना कुंदाचा नमस्कार.

हे पत्र फोनकडे पाठ करून लिहिते आहे, म्हणजे निदान तो दिसणार तरी नाही. ऐकू येणं काही माझ्या हातात नाही. तुम्ही लिहिलंत की घरात फोन आल्यावर काय मजा असेल. मजा आहे ती तुमच्या दादांची. सकाळी अंघोळ झाली की टोपी घालून त्या काळ्या ठोकळ्याशेजारी बसतात, जसा काही हायकोर्टाचा जज्जच बोलणार आहे. अशिलांचा फोन महिन्यातून एखादा. बाकी सगळे फोन आळीचे. आळीत दुसरा फोन नाही, त्यामुळे मुंबई, भुसावळ, अमरावती, जिथे कुठे आळीतल्या कोणाचं माणूस आहे, ते आमच्याकडे बोलतं. रुक्माबाईंच्या जावयाला पोटशूळ उठला तरी आधी मला कळतं. मग हात पुसायचे, पदर सावरायचा आणि निरोप घेऊन निघायचं. सासूबाईंचा शिरस्ता तुम्हाला ठाऊकच आहे, निरोप कोरडा न्यायचा नाही, पदरचे दोन गोड शब्द घालून न्यायचा. जावई म्हणाला, पोट दुखतं. मी सांगते, पोट दुखतंय, पण आता उतार आहे, आणि तुमच्या हातच्या कढीची फार आठवण काढत होते. बिचारा कढीचं नावही काढत नाही.

हे झाले खरे फोन. खोट्यांचं काय सांगू? परवा एकानं कळवलं की तुमच्या नंबराला रेडिओचं बक्षीस लागलं आहे, पाठवणीचा खर्च तेवढा मनिऑर्डरनं धाडा. हे रेडिओसाठी कोनाडा रिकामा करून बसले. मी मनिऑर्डर जाऊ दिली नाही, तर चार दिवस अबोला धरला माझ्याशी.

त्याच्यावर कडी म्हणजे कालचा फोन. टेलिफोन ऑफिसातून बोलतो, तुमच्या लाइनची तपासणी आहे, मोठ्यानं बोलत राहा, असं कोणीतरी सांगितलं. ह्यांनी शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणाचा आख्खा युक्तिवाद उभ्यानं म्हणून दाखवला. रस्त्यावर माणसं थांबली. नंतर त्या माणसानं चौकशी केली, तुमच्याकडे कोणाकोणाचे फोन येतात, त्यांची माणसं कुठे आहेत. ह्यांनी अभिमानानं सगळी आळी वाचून दाखवली. शेजारच्या मोहिउद्दीनभाई मिस्त्रींचा जलाल फौजेत गाडी चालवतो, आता तिकडे चीनच्या हद्दीवर नेफात आहे, हेसुद्धा सांगितलं. मी एक्स्चेंजवर विचारलं तर ते म्हणतात, आम्ही कसली तपासणी केली नाही. ह्यांचं म्हणणं, ती वरच्या ऑफिसातून झाली असेल. किती अदबीनं बोलत होता, म्हणतात. मी कपाळाला हात लावून घेतला.

दिवाळीला याल तेव्हा तुम्हीच समजवा त्यांना.

तुमची
कुंदा


आर्णी,
२ नोव्हेंबर १९६२

प्रिय वहिनी,

दिवाळीला येता आलं नाही, घरात दोघांना हिवताप. तुझं पत्र मात्र सगळ्यांना वाचून दाखवलं. हे अंथरुणात हसून हसून उठून बसले, तेव्हा तुझ्या पत्रानं क्विनीनचं काम केलं म्हणायला हरकत नाही. दादा लहानपणी आरशासमोर युक्तिवाद करायचा, आता आरशाला कान फुटले एवढंच. तू उगाच चिडतेस. ज्या घरात दिवसभर कोणी ना कोणी येतं ते घर चांगलं. इथे आर्णीत फोन आहे तो एका देवीलालशेटच्या दुकानात, आणि तिथे आम्हा बायकांना पायरी चढायची सोय नाही.

खरं लिहायचं होतं ते दुसरंच. पेपरात नेफाचं वाचून जीव थाऱ्यावर नाही. जलालचं काही कळलं का? तो आमच्याच अंगणात वाढला. माझ्या लग्नात वरातीच्या मोटारीखाली शिरून काय बिघडलं ते बघणारा तोच, आणि बाहेर आला तेव्हा नवरदेवापेक्षा जास्त लोक त्याच्याकडे बघत होते. त्याच्या अम्मीला, जुबैदाभाभींना, माझा सलाम सांग. आणि हो, मी सांगितलं तेवढंच सांग. कढी घालू नकोस.

तुझी
शोभा


दारव्हा,
२६ नोव्हेंबर १९६२

सौ. शोभावन्संना नमस्कार.

आज पहिल्यांदा ह्या फोनला मी हळदीकुंकू वाहिलं, हसू नका.

लढाई सुरू झाल्यापासून जलालचं पत्र नव्हतं. जुबैदाभाभी रोज दुपारी येऊन फोनसमोर बसायच्या. बोलत नसत काही. चहा दिला तर निवून जायचा. मी वैतागायचे, वन्सं, खोटं कशाला सांगू. फोन वाजला की त्या उठून उभ्या राहायच्या, आणि पलीकडून कोणीतरी सरकीचा भाव विचारायचं. त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नसे.

गेल्या गुरुवारी त्या घरी गेल्या आणि पाठोपाठ फोन आला. नागपूरच्या लष्करी इस्पितळातून बोलतो म्हणाला. जलाल मोहिउद्दीन, ड्रायव्हर, पायाला जखम, पण शुद्धीवर आहे. इंजेक्शन बाहेरून आणावं लागणार, फार महाग आहे. त्याच्या पलटणीतला एक जण दिग्रसला आपल्या घरी आला आहे, तो संध्याकाळच्या गाडीनं परत निघेल, दारव्ह्याला उतरून घरी येईल, त्याच्याजवळ घरातलं असेल ते द्या. मी फोन ठेवला आणि चप्पल न घालता धावले. भाभी विहिरीवर होत्या. मी सांगितलं, जलाल आहे, नागपूरला आहे, पायाला थोडं लागलंय, आणि हसत होता म्हणे, अम्मीला सांगा म्हणाला काळजी करू नको. भाभींच्या हातून बादली सुटली. माझ्या गळ्यात पडून रडल्या. इतक्या वर्षांत आमचं असं कधी झालं नव्हतं.

मोहिउद्दीनभाई बोरी अरबला कोणाचं तरी ऑइल इंजिन दुरुस्त करायला गेले होते. घरात रोकड नव्हती. संध्याकाळी तो माणूस आला. खाकी कोट होता अंगात, बोलायला गरीब. भाभींनी हातातल्या दोन्ही सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. सध्या संरक्षण निधीला जी ती बाई बांगड्या काढून देते आहे, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. मीच त्या रुमालात बांधल्या. वर तुपाचा डबा दिला आणि ह्यांचा लोकरी मफलर.

हे आता रुबाबात सांगत फिरतात की फोन घेतला म्हणून आईला पोराची खबर लागली. फिरू द्या. ह्या खेपेला मी काही बोलत नाही. रविवारी हे आणि मोहिउद्दीनभाई नागपूरला जाणार आहेत जलालला भेटायला.

तुमची
कुंदा


आर्णी,
२९ नोव्हेंबर १९६२

वहिनी,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहिते आहे. हे पत्र जुबैदाभाभींसमोर उघडू नकोस.

आठ-पंधरा दिवसांखाली देवीलालशेटच्या दुकानी असाच फोन आला होता. इथल्या कोलामांच्या वस्तीवरचा, पोडावरचा, एक मुलगा फौजेत आहे, त्याच्याबद्दल. तेच नागपूर, तेच इंजेक्शन, तसाच खाकी कोटातला माणूस. शेटनी निरोप धाडला, बापानं बैलजोडी विकली. चार दिवसांनी त्या मुलाचं स्वतःच्या हातचं पत्र आलं, तो पठाणकोटला धडधाकट आहे. त्या माणसाचा अजून पत्ता नाही. पोलिसांनी लिहून घेतलं आहे म्हणे.

मला तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. पण दारव्ह्याला वकिलाच्या घरात असं काही होईल हे माझ्या मनातही आलं नाही. दादाला सांग, नागपूरला जाऊन नीट चौकशी कर. देव करो आणि माझी शंका खोटी ठरो, मग मला वाट्टेल ते बोल.

शोभा


दारव्हा,
७ डिसेंबर १९६२

सौ. शोभावन्संना नमस्कार.

तुमची शंका खोटी ठरली नाही. नागपूर, कामठी, जिथे जिथे फौजेची माणसं ठेवतात तिथे हे दोघं पायपीट करून आले. जलाल कुठेच नाही. एका साहेबानं यादी पाहून सांगितलं की त्याच्या तुकडीतले बरेच जण बेपत्ता आहेत, एवढंच आम्हाला माहीत. एक्स्चेंजवर विचारलं तर तो फोन यवतमाळहून लागला होता, नागपूरहून नव्हेच. ह्यांनी पोलिसात लिहून दिलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. आळीची नावं कोणी दिली हे मला तोंडानं म्हणायची गरजच पडली नाही.

पण खरा ताप पुढेच आहे. मोहिउद्दीनभाईंनी बायकोला काय सांगावं? म्हणाले, भेटला, झोपेत होता, मग त्याला पुण्याला हलवलं. मी त्यांना आमच्या ओसरीवर बोलावून विचारलं की हे काय आरंभलंत. ते हातातला पाना नुसता फिरवत बसले. म्हणाले, "वैनी, ती परवापासून भाकर खाऊन राह्यली. महिन्यानं खाऊन राह्यली. मी कसा सांगू?" आणि तुम्हीही सांगू नका म्हणून हात जोडले.

आता माझे हाल बघा. भाभी पुन्हा रोज येतात, पण आता बोलतात. जलालसाठी रजई शिवायला घेतली आहे, पायाला ऊब हवी म्हणून. रोज म्हणतात, "वैनी, पुण्याले फोन लावा ना. आवाज नाई आला तरी चालते, नर्सबाईले विचारू." मी रोज सांगते लाइन खराब आहे. लाइन ठणठणीत असते आणि त्यांच्यासमोरच खणखणते. मग म्हणतात, हसत होता ते पुन्हा सांगा. कसा हसत होता, फोनवाल्यानं काय शब्द वापरला. वन्सं, तो फोनवाला असं काही म्हणालाच नव्हता. ते हसणं माझ्या पदरचं. चोरानं जखम सांगितली आणि मी त्यावर हसणं शिवलं. भाभी जखम विसरल्या, हसणं धरून बसल्या आहेत.

मला ह्यांचा राग येतो, मोहिउद्दीनभाईंचा येतो, त्या खाकी कोटवाल्याला तर मी उभा जाळीन. आणि सगळ्यात जास्त राग येतो तो भाभींचा, की ही बाई इतका विश्वास का टाकते. तुम्ही तरी सांगा मी काय करू.

कुंदा


आर्णी,
१२ डिसेंबर १९६२

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, मोहिउद्दीनभाईंचं बरोबर आहे, खोट्या आशेवर का होईना, बाई जेवते तर जेवू द्या. मला ते पटत नाही.

उद्या खरी तार आली, बरी किंवा वाईट, तर त्यांनी ती कोणाच्या तोंडून ऐकायची? दारव्ह्याच्या त्या आळीत आपल्या घरचा निरोप म्हणजे खरा, असं आईच्या वेळेपासून चालत आलं आहे. म्हणूनच त्या माणसाला फोन करायला आपलं घर लागलं. भाभींनी त्या भामट्यावर विश्वास ठेवला नाही वहिनी, तुझ्यावर ठेवला. तू निरोप नेलास, तूच तो परत आण. पुरुषांनी न्यायचं हे काम नाही.

रागावलीस तरी चालेल.

तुझी
शोभा


दारव्हा,
१० जानेवारी १९६३

सौ. शोभावन्संना नमस्कार.

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण रागावले होते. तुमचं खरं होतं म्हणून जास्तच रागावले.

तुमचं पत्र आलं त्या दिवशीच दुपारी गेले. मोहिउद्दीनभाई कामावर होते. भाभी रजईला धागा घालत होत्या. मी बसलेसुद्धा नाही, उभ्यानंच सांगून टाकलं. फोन खोटा होता, तो माणूस चोर होता, नागपूरला जलाल कधी नव्हताच, पुण्यालाही नाही. मला वाटलं बांगड्यांवरून आकांत होईल. त्यांनी बांगड्यांचं नावही काढलं नाही. सुई तशीच हातात धरून विचारलं, "मंग पायाले लागलं, ते बी खोटं?" मी म्हटलं, हो. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. वन्सं, ते मला पाहवलं नाही, कारण पुढचं त्यांच्या ध्यानात यायचं होतं. ते आलं. मग म्हणाल्या, "आन् हसत होता ते?" मी म्हटलं, ते माझ्या मनचं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. "मनचं कायले घालता वैनी?" एवढंच म्हणाल्या आणि रजईची घडी घालायला लागल्या. मी घरी येऊन पाटावर बसले ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही.

त्यानंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. आळीलाही कळलं. रुक्माबाईंकडे निरोप नेला तर त्या म्हणतात, हे फोनवर सांगितलं, की तुमच्या मनचं? मला म्हणतात.

आणि तुमच्या दादांनी आता फोनवर पहारा बसवला. कोणाचाही फोन येवो, ते आधी उलटतपासणी घेणार. माझ्या सदाशिवदादाचा अकोल्याहून फोन आला तर ह्यांनी त्याला विचारलं, तुम्ही कुंदाचे भाऊ कशावरून? तिच्या लग्नात कोण रुसलं होतं ते सांगा. तो म्हणाला, तुम्हीच रुसला होतात, घड्याळासाठी. मग फोन माझ्या हातात आला. एका अशिलाला तर सातबाऱ्याचा नंबर विचारला, तो यवतमाळच्या दुसऱ्या वकिलाकडे गेला. मी डोकं आपटून घेते, पण ऐकतं कोण?

काल सकाळी एक्स्चेंजनं कळवलं की कामठीहून ट्रंक कॉल आहे, मोहिउद्दीन मिस्त्रींच्या घरच्यांना बोलवून ठेवा. वाटलं नकोच जायला, कोणाला तरी पाठवावं. पण गेले. दारात उभी राहिले आणि म्हटलं, फोन आहे. कामठीचा सांगतात. कोणाचा, ते मला माहीत नाही. पुढे एक शब्द घातला नाही. भाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावर ओढणी घेऊन निघाल्या. मोहिउद्दीनभाई तेलाच्या हातांनीच मागून आले.

घंटा वाजली. ह्यांनी रिसीव्हर उचलला आणि भाभींना हातानं थांबवलं. आधी मी खात्री करून घेतो म्हणाले. कोण बोलतंय? जलाल. कशावरून जलाल? बापाचं नाव? आजोबांचं नाव? मी ह्यांची बाही ओढत होते, हे माझा हात झटकत होते. घरासमोर झाड कोणतं? ते कोणी तोडलं? कोणत्या साली? वन्सं, ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. साक्षीदार पिंजऱ्यात असल्यासारखं ह्यांचं संथ चाललेलं. मोहिउद्दीनभाई भिंत धरून उभे. भाभी हात पुढे करून उभ्या, पण वकिलांच्या हातून फोन हिसकावून घ्यायची त्यांची रीत नाही. मी ओरडले, अहो द्या तो फोन. हे म्हणाले, थांब, शेवटचा प्रश्न.

तेव्हा पलीकडून जो आवाज चढला तो खोलीभर ऐकू आला. "ओ वकीलकाका, चिन्यानं धरलं तवा त्यायनं बी मले एवढे सवाल नाई केले! अम्मीले द्या ना फोन!"

ह्यांचा हात आपोआप खाली आला. मी रिसीव्हर काढून भाभींच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एक्स्चेंजची बाई म्हणाली, वेळ संपला. लाइन तुटली. मी परत परत खटका दाबला, पुन्हा जोडून द्या म्हणून विनवलं. ती म्हणाली, लाइनी भरल्या आहेत, संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही.

माझ्या अंगाचा इतका तिळपापड झाला की ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन मिनिटं, आणि त्या माउलीच्या वाट्याला एक शब्द नाही. हे खुर्चीत बसले, डोळ्यांतून पाणी, टोपी मांडीवर. मोहिउद्दीनभाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. पण भाभी रडल्या नाहीत. रिसीव्हर जागेवर नीट ठेवला, ओढणी सारखी केली आणि ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरगं तुमच्यावर वरडलं, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "फौजेत जाऊन लई वाया गेलं. माफी करा. येऊ द्या त्याले घरी, मी पाहते त्याच्याकडे."

तुमची
कुंदा